लांडगा कोणत्या खात्याचा?

मे महिन्यात, पारा सत्तेचाळिसाला टेकलेला असताना, चंद्रपूरच्या जटपुरा गेटाजवळ कुणी काळा पायघोळ डगला घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून उभा दिसला, तर लोक त्याला घाबरणार नाहीत. आधी त्याला सावलीत बसवतील. डोक्यावर ओला दुपट्टा टाकतील, कांदा हुंगवतील, आणि कुणीतरी पन्हं आणायला धावेल. त्याने ओठ फाकवून सुळे दाखवले तरी फार फरक पडणार नाही. "दात मंग दाखवजा भाऊ, पयले पानी पिऊन घ्या," एवढंच त्याला ऐकायला मिळेल.

खरं म्हणजे या रक्तपिपासू सरदारांना उन्हाचं एवढं वावडं मुळात नव्हतंच. १८९७ च्या मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यांवर हिंडतो. ऊन लागून रक्तपिपासू मरतो हा नियम १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाने घातला आणि तेव्हापासून या जमातीची दिवसपाळी कायमची बंद झाली. तरीही तो चंद्रपुरात आलाच, तर त्याने कोळशाची भूमिगत खाण गाठावी. बाराही महिने अंधार, वर सरकारी क्वार्टर. रात्रपाळीला तो एका पायावर तयार म्हटल्यावर बाकीचे कामगार त्याला डोक्यावर घेतील.

या मंडळींची आणि आमची ओळख टीव्हीने करून दिली. १९९३ साली 'झी हॉरर शो' सुरू झाला. करणारे श्याम आणि तुलसी रामसे, म्हणजे ज्यांच्या घराण्याने 'पुराना मंदिर' आणि 'बंद दरवाजा' काढून हिंदी सिनेमातल्या तमाम हवेल्यांची अब्रू घालवली, तेच. पुढे 'आहट' आली. आणखी पुढे केबलवाल्याच्या कृपेने हिंदीत डब केलेले अमेरिकन टीव्हीपट येऊ लागले. त्यांत लांडगे होणारी माणसं एका बाजूला, रक्त पिणारी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचं पिढीजात वैर. गाव म्हणून जे दाखवत त्यात एक पोलीस, एक हॉटेलवाली, एक म्हातारा आणि नायिका एवढीच वस्ती असे. यांतलं कोण कुणाला खाणार हे पहिल्या जाहिरातीच्या आत कळत असे.

टीव्हीसाठी बनवलेल्या भुताची मला नेहमी दया येते. थिएटरातल्या भुताला निदान अंधार मिळतो आणि प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे मोजलेले असतात, त्यामुळे घाबरण्याची त्याला स्वतःलाच गरज असते. टीव्हीवरच्या भुताला ट्यूबलाइटच्या उजेडात, भाताच्या ताटांसमोर काम करावं लागतं. ते मोठ्या कष्टाने शवपेटीचं झाकण उचलतं, पंजा बाहेर काढतं, आणि तेवढ्यात साबणाची जाहिरात लागते. जाहिरात संपेपर्यंत पंजा तसाच. मधल्या वेळात कुणी वरण वाढून घेतं, कुणी गेटाला कुलूप लावून येतं. परत आल्यावर त्या पंजाबद्दल आपुलकीच वाटू लागते.

रामसेंचा तो प्रसिद्ध धूर तर आमच्याकडे अगदीच वाया गेला. त्या काळी चंद्रपुरात घरोघरी दगडी कोळशाच्या शेगड्या होत्या. दिवस कलला की बायका शेगड्या पेटवून दारासमोर आणून ठेवत आणि तासभर सगळी गल्ली धुरात बुडून जाई. त्या धुरातून सायकलवर घरी येणारे गणिताचे मास्तर रामसेंच्या कुठल्याही पिशाच्चापेक्षा जास्त परिणामकारक होते, कारण त्यांच्या हातात तपासलेल्या वह्या असत.

आमचं टीव्ही पाहणं एकट्याचं नव्हतं. शेजारच्या दोन घरच्या मावश्या, त्यांची पोरं, आणि सावली तालुक्यातून दवाखान्याच्या कामासाठी येऊन राहिलेली कुणाची तरी आजी, असा दरबार भरे. सिनेमाचा खरा संवाद इकडेच चाले. नायिका झिरझिरीत कपड्यांत, हातात मेणबत्ती घेऊन जंगलाकडे निघाली की आजी विचारी, "कायले निंगाली ते रातची? घरचे माणसं कोठी गेले तिचे?" मावशी सांगे की आवाज आला म्हणून पाहायला चालली. "आवाज आला तं दार लावाव का उघडाव?" यावर मावशीकडे उत्तर नसे, आणि माझ्या मते हॉलिवूडकडेही अजून नाही. पुढे लांडगा झालेला माणूस तिच्यावर झेप घेई तेव्हा सगळी पोरं पांघरुणात शिरत. आजी मात्र शांतपणे निकाल देई, "बॅटरी नाही, काठी नाही, सोबत नाही. मंग खाईल नाही तं का करील?"

जंगलाच्या कडेला सगळं आयुष्य काढलेल्या माणसाला भयपटात भूत दिसत नाही, निष्काळजीपणा दिसतो. आजीच्या गावात तिन्हीसांजेनंतर बोडीकडे, म्हणजे तळ्याकडे, जायचं ते दोघींनी, बोलत बोलत, बांगड्या वाजवत. गुरं मोजून घ्यायची. कुत्रं एकदम गप्प झालं तर आपणही उठायचं. अशा शिस्तीत वाढलेल्या बाईला पडद्यावरचा तो सगळा प्रकार अडाण्यांचा बाजार वाटला तर नवल नाही.

आणि ऐन पंजा मानेजवळ आला की वीज जाई. आमच्या गावी राज्य सरकारचं सर्वांत मोठं औष्णिक वीज केंद्र. आजची त्याची क्षमता २,९२० मेगावॅट. कोळसा आमचा, धूर आमचा, राखही आमचीच, आणि भारनियमनातही आमचा वाटा राखलेला. या केंद्राच्या विस्तीर्ण आवारात झुडपं माजलेली आहेत आणि तिथे वाघ, बिबटे, अस्वलं येऊन-जाऊन असतात. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत ज्या विजेवर लांडगामानवाचा सिनेमा बघून पोरं किंचाळतात, ती तयार करायला कुणीतरी रात्री वाघाच्या वाटेवरून जीव मुठीत धरून ड्यूटीवर गेलेला असतो. त्याच्यावर मालिका कुणी काढत नाही.

मराठीत रक्तपिपासू आणण्याचा मान नारायण धारपांचा. स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट' वरून त्यांनी 'लुचाई' लिहिली. त्याच कादंबरीवर १९७९ साली टोबी हूपरने अमेरिकन टीव्हीसाठी दोन भागांचा चित्रपट केला, तो टीव्हीवरच्या भयपटांत अजून मानाने मोजला जातो. खिडकीबाहेर तरंगत येऊन काच खरवडणारं त्यातलं पोर पाहून तिकडची एक पिढी खिडकीकडे पाठ करून झोपायला शिकली म्हणतात. मला विचाराल तर धारपांचं भय अधिक टिकाऊ. पुस्तकात जाहिराती नसतात आणि वीज गेली तर कंदील लावता येतो. उलट कंदिलाने त्याला जोर चढतो.

पण हे पाहुणे आमच्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत खरोखरच राहायला आले, तर माझी काळजी वेगळी आहे. त्यांचं कागदोपत्री काय करायचं?

समजा ब्रह्मपुरीच्या हद्दीत पौर्णिमेच्या रात्री एखाद्या गृहस्थाचा लांडगा झाला आणि तो कुणाला चावला. तो माणूस असताना चावला असेल तर प्रकरण पोलिसांचं. लांडगा असताना चावला असेल तर वनखात्याचं, आणि जखमीला नुकसानभरपाई मिळेल. म्हणजे माणसाने चावण्यापेक्षा जनावराने चावलेलं परवडलं. अर्धवट केस उगवलेले असताना चावला असेल तर मात्र फाइल मार्गदर्शनासाठी नागपूरला जाईल आणि तिथून परत येईपर्यंत पुढच्या बऱ्याच पौर्णिमा होऊन गेलेल्या असतील. चांदीची गोळी घालण्याचा तर विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. त्याला मारायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश हवा, कारणांसहित.

रक्तपिपासूची गोष्ट त्याहून बिकट. तो वटवाघूळ होऊन खिडकीतून येणार. या कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कित्येक वर्षं उंदीर आणि कावळ्यांसोबत उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत पडून होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. तोवर बिचाऱ्या सरदाराला प्रत्येक नाक्यावर आपण फळं खात नाही, फक्त रक्त पितो, असं प्रतिज्ञापत्र दाखवावं लागलं असतं. आणि प्राणिशास्त्र तरी त्याच्या बाजूने कुठे आहे? रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात अवघ्या तीन जाती, त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत. आपल्याकडे पडक्या देवळांत, गुहांत एक मोठ्या कानांचं वटवाघूळ असतं, त्याच्यावर साहेबाने रक्त पिण्याचा आळ घेतला होता. ते खातं बेडूक, उंदीर, नाकतोडे. आळ पुढे खोटा ठरला, तरी नावात तो अजून चिकटलेला आहे.

तसं रक्त पिणारं गडचिरोलीत कुणी नाही असं नाही. ते दिसायला अगदी बारीक, फक्त मादी पिते, रात्रीच येते, आणि आमंत्रणाची वाट पाहत नाही. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा वर्षानुवर्षं याच जिल्ह्याचा. भामरागड, एटापल्लीकडे पावसाळ्यात उंबऱ्याशी येऊन खरंखुरं रक्त मागणारी व्यक्ती म्हणजे आशाताई. पिशवीतून ती सुई काढते, पोराचं बोट चिमटीत धरते, एक थेंब पट्टीवर घेते आणि पंधरा मिनिटं बाजेवर बसून त्या पट्टीवर किती रेघा उमटतात ते बघते. त्या पंधरा मिनिटांत घरातल्या आईचा चेहरा ज्याने पाहिला असेल, त्याला टीव्हीवरच्या टोमॅटो सॉसचं काही वाटणार नाही.

माणसाचं जनावर होण्याची कल्पना मात्र आपण आयात केलेली नाही. १९९२ च्या 'जुनून' मध्ये राहुल रॉय पौर्णिमेला वाघ होतो. लोक म्हणतात कल्पना इंग्रजी सिनेमावरून उचलली. उचलली असेल, पण आमच्या उत्तरेला सागर-जबलपूरच्या बाजूला वाघ होणाऱ्या माणसांच्या गोष्टी सिनेमाचा जन्म होण्याच्या आधीपासून आहेत. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन साहेबाने १८४४ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्या नोंदवून ठेवल्या आहेत. एक मुळी खाल्ली की माणसाचा वाघ होतो आणि दुसरी खाल्ली की वाघाचा पुन्हा माणूस. अशा एका हौशी गृहस्थाने दोन्ही मुळ्या मिळवल्या. उताऱ्याची मुळी बायकोच्या हातात दिली, म्हणाला, मी वाघ झालो की लगेच ही माझ्यापुढे धर. आणि पहिली मुळी चावली.

पुढचं सांगायला नको. समोर साक्षात वाघ पाहिल्यावर बायकोची पाचावर धारण बसली आणि ती मुळीसकट पळाली. नवरा वाघ तो वाघच राहिला, रानात गेला आणि आसपासच्या गावांतले आपलेच जुने दोस्त त्याने खाल्ले. शेवटी कुणीतरी त्याला गोळी घातली तेव्हा तो कोण होता हे उघड झालं, कारण त्याला शेपूट नव्हतं. माणसाचा झालेला वाघ ओळखायची हीच खूण स्लीमनला सांगण्यात आली: बाकी सगळं हुबेहूब, फक्त शेपूट नाही.

मला ही गोष्ट हॉलिवूडच्या सगळ्या लांडग्यांपेक्षा सरस वाटते. तिच्यात शाप नाही, सैतान नाही, चंद्रसुद्धा नाही. आहे ती एका नवऱ्याची हौस आणि बायकोला नीट समजावून न सांगता तिच्यावर टाकलेली जबाबदारी. त्या बाईची बाजू कुणी लिहिलेली नाही. माझा अंदाज असा की ती माहेरी गेली, आईने विचारलं, "जावई कसे आहेत?" आणि तिला काय सांगावं ते सुचेना.

आमच्या शहराची जन्मकथाही याच जातीची, फक्त उलट्या दिशेची. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला तेव्हा एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला त्याला दिसला, आणि त्या सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता, अशी दंतकथा आहे. जिथून जिथून ससा धावला तिथून तिथून कोट बांधला. आमचा तट असा वेडावाकडा का याचं स्थापत्यशास्त्रातलं उत्तर मला माहीत नाही, पण तो सशाने आखलेला आहे हे मला पटतं. चंद्राचा परिणाम होऊन जनावर चवताळल्याची आमच्याकडची पहिली घटना ही, आणि चवताळला कोण, तर ससा.

आता जे हसण्यावारी नेता येत नाही ते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रभर टपटपत असतात आणि ती पहाटेच वेचावी लागतात, उशीर केला तर गुरं आणि हरणं खाऊन जातात. वेचायचं म्हणजे कमरेत वाकून, नजर जमिनीवर, टोपली बाजूला. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं. पुढे मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, तेव्हाही तेच. २०२२ च्या ऑक्टोबरात वडसा भागात सीटी-१ नावाच्या वाघाला बेशुद्ध करून पकडलं, तोवर वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडाऱ्याकडे मिळून १३ माणसं गेली होती. चित्रपटात अशा जनावराला काहीतरी दणदणीत नाव मिळालं असतं, त्याच्या मागे सूड किंवा शाप लावून दिला असता. इथे त्याला अक्षरं आणि आकडा मिळाला, आणि पिंजरा. ज्या घरांतली माणसं गेली, त्यांच्या शेजारणी पुढच्या मोसमात पुन्हा मोह वेचायला गेल्या, कारण मोह थांबत नाही. फक्त जास्त जणींनी मिळून गेल्या आणि मोठ्याने बोलत राहिल्या.

भयपटातल्या रबरी मुखवट्याला खरं काम मिळालेली जागा माझ्या माहितीत एकच. १९८०च्या दशकात सुंदरबनात मध आणि लाकूड आणायला जाणाऱ्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधले. वाघ पाठीमागून येतो, त्याला वाटावं हा माणूस आपल्याकडेच बघतोय. काही काळ त्याचा उपयोग झाला. रामसेंकडचे जुने मुखवटे कुणी जपून ठेवले असतील तर आमच्याकडच्या तेंदूपत्त्याच्या फडांवर त्यांची सोय होऊ शकेल. वाघाने निदान एकदा तरी हॉरर शो बघावा.

रात्रीच्या करमणुकीचं आमचं स्वतःचं दालनही आहे. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात आणि होळीपर्यंत झाडीपट्टीतल्या गावागावांत नाटकं होतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. मंडप ठोकलेला, साथीला ऑर्गन, बसायला घरून आणलेली ताडपत्री आणि डोक्यावरून घेतलेलं ब्लँकेट, त्यातून फक्त डोळे दिसतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. अभ्यासक त्याची कलात्मक कारणं सांगतात, ती खरीच असतील. मला मात्र संशय आहे की नाटक मध्यरात्री संपवलं तर चार कोस जंगलातून घरी कसं जायचं, हा प्रश्न कुठल्यातरी जुन्या नाटककाराने आधी सोडवला आणि मग पाचवा अंक लिहिला.

आणि पौर्णिमा? माणसाचा लांडगा पौर्णिमेलाच होतो, हा नियम बराचसा हॉलिवूडने १९४०च्या दशकात पक्का केला. आमच्याकडे वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, याच्या बरोबर उलटं होतं. नागपूर-पुण्याची चांगली शिकलेली माणसं त्या दिवशी ताडोबाच्या बफरमध्ये येतात आणि झाडावरच्या मचाणावर चढून रात्रभर गप्प बसतात. उन्हाळ्याने पाणवठे मोजकेच उरलेले असतात, चांदणं लख्ख असतं, आणि पाण्यावर येणारं प्रत्येक जनावर मोजायचं असतं. वाघांची खरी गणती आता कॅमेरे करतात, ही माणसांच्या हौसेची. सोबत गावातला एक माहीतगार. अत्तर लावायचं नाही, भडक कपडे नाहीत, मोबाइल बंद. एरवी मीटिंगमध्ये कुणाला बोलू न देणारा मनुष्य बारा तास शेंगदाण्याचं टरफलसुद्धा आवाज न करता फोडतो. चंद्राचा एवढा परिणाम मी सिनेमात पाहिलेला नाही.

अशा रात्री मीही बसून पाहिलंय. आधी सांबर आलं, मग रानडुकरांचं कुटुंब, मग बऱ्याच वेळाने कोळसुंदे. लांडग्याचे हे भाऊबंद चंद्राकडे तोंड करून रडत नाहीत, शीळ घालतात. पहाटेच्या आधी अस्वल येऊन भरपूर आवाज करत पाणी प्यालं. माझ्या शेजारी बसलेला वनमजूर प्रत्येकाची नोंद बॅटरी ओंजळीत झाकून करत होता. प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू, वेळ, शेरा. मधल्या रिकाम्या तासात मी त्याच्या कानात कुजबुजलो, टीव्हीवरच्या त्या माणसाच्या लांडग्याबद्दल सगळं सांगितलं आणि विचारलं, असं काही पाण्यावर आलं तर?

त्याने थोडा वेळ विचार केला. मग तक्त्यात सगळ्यांत खाली बोट ठेवलं. "'इतर' मंधी लिहाचं. संख्या एक. नर. वेळ टाकाची." आणि जरा थांबून, "शेऱ्यात लिहू, पँट घालून होता."